साखळी ४/३०० : भराव, वळीव आणि खालचं गावतळं

४ मे

रोजच्या अहवालात डिझेल, हजेरी आणि किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती पडली एवढंच बसतं. बाकीचं लिहायला ही वही.

जागा चांदवड तालुक्यातली, सातमाळा रांगेच्या पायथ्याशी. नव्या चारीचं, म्हणजे कालव्याच्या फाट्याचं काम. साखळी (चारीवरचं अंतर, किलोमीटर/मीटर) ४/३०० ते ४/४८० हा १८० मीटरचा तुकडा पूर्ण भरावात आहे. वरच्या अंगाला डोंगराचा उतार, खालच्या अंगाला गावतळं. भराव साडेचार मीटर उंच, बाहेरचा उतार दोनास एक. आत काळ्या चिकण मातीचं हार्टिंग, म्हणजे गाभा; बाहेरून मुरमाचं केसिंग, म्हणजे कवच. माथा अजून बाकी आहे. काँक्रीटचं अस्तर दिवाळीनंतर. म्हणजे येता पावसाळा हा भराव उघड्या अंगानंच काढणार.

शेवटच्या तीस मीटरला मुरूम कमी पडला. तिथे केसिंगला खोदाईत निघालेली पांढरट माती वापरली आहे. मी रजेवर होते तेव्हा हे झालं. डोळ्यांना फरक दिसतो, रोलरला दिसत नाही.

तळ्यात पाणी उरलंय साधारण ४० बाय २५ मीटर, मध्यभागी छातीएवढं. उत्तरेच्या काठाला पाणकणीस. आज दिसलेलं: टिबुकलीची जोडी, तीन वंचक बगळे, शेकाट्यांचा थवा, पाणकणसाच्या पात्यांवर चतुरांच्या सोडलेल्या काती, उथळात हातभर अंतरावर तोंड उघडून बसलेले शिंपले. पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळणारे बेडूक तर कायमचेच रहिवासी. दुपारी म्हशी येतात, तेवढा वेळ सगळे एका बाजूला सरकतात.

६ मे

पत्र्याची गोल तबकडी, २० सेंमी व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी रंगवली आणि दोरीला बांधली. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची. तळ्याचा गढूळपणा मोजायला याहून स्वस्त साधन नाही. आजची खोली ४४ सेंमी. म्हशींच्या बाजूला २०.

नाना मुकादमांनी विचारलं, "मॅडम, हे कुठल्या बिलात लावायचं?" कुठल्याच नाही, म्हटलं. तरी दोरीला गाठी त्यांनीच मारून दिल्या.

९ मे

मातीचे तीन खडे घेतले, साखरेच्या खड्यापेक्षा थोडे मोठे. एक हार्टिंगच्या काळ्या मातीचा, एक मुरमातल्या बारीक मातीचा, एक त्या पांढरट मातीचा. तीन काचेच्या ग्लासांत बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं, खडे अलगद सोडले आणि ग्लास न हलवता बसून राहिले.

काळा खडा फुगला, फुटला आणि तळाशी ढिगारा होऊन बसला. पाणी मात्र स्वच्छ. मुरमाचा सुटून पडला, पाणी तसंच. पांढरट खड्याभोवती दहा मिनिटांत दुधासारखा ढग तयार झाला आणि हळूहळू अर्धा ग्लास भरला.

याला घाबरायला हवं. काही चिकणमातींत सोडियम जास्त असतो. साधं पाणी लागलं की त्यांचे कण एकमेकांना धरून न राहता ढकलतात. धार नसली, लोंढा नसला तरी ती माती आपणहून पाण्यात विखुरते. रोलरनं ती कितीही घट्ट बसवा, एक बारीक भेग मिळाली की पाणी आतून बोगदा करत जातं. वरून भराव ठीक दिसतो आणि एके दिवशी भोक पडतं.

वर कळवलं. उत्तर आलं की दबाईचे निकाल उत्तम आहेत, काळजी नसावी. निकाल उत्तम आहेत हे खरंच आहे. दबाईचा प्रश्नच नव्हता.

१३ मे

उकाडा. ढग येतात, जातात. गावात कांदा चाळीत भरायची घाई.

१७ मे

वळीव.

चार वाजता पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. माणसं ऑफिसच्या कंटेनरमध्ये आली तोवर पहिले थेंब पडायला लागले होते. मोठे, एकेकटे, पत्र्यावर खडा मारल्यासारखे. मग पन्नास मिनिटं समोरचा रोलर दिसत नव्हता. पर्जन्यमापकात ३८ मिमी.

मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो. सायकलवाल्यापेक्षा जोरात. गवत असेल तर तो वेग पात्यावर जिरतो. आमच्या भरावावर एक पातं नव्हतं. प्रत्येक थेंबानं माती उडवली आणि उडालेली माती वाहत्या पाण्याच्या स्वाधीन झाली.

पण खरं नुकसान वरून आलेल्या पाण्यानं केलं. भरावाच्या वरच्या अंगाला सुमारे सहा हेक्टर डोंगरउतार आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. ३८ मिमीचे झाले जवळपास २३ लाख लिटर. उघड्या कातळउतारावर त्यातलं निम्मं मुरलं असं धरलं तरी अकरा लाख लिटर पाणी तासाभरात भरावाच्या पायाशी येऊन उभं राहिलं. भरावाखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोरीचं तोंड खोदाईच्या मातीच्या ढिगानं अर्धं बुजलेलं. पाण्याला वाट हवी होती. अर्धवट माथ्यातली सगळ्यात खालची जागा त्यानं शोधली आणि तिथून ते पलीकडे उतरलं. ती जागा नेमकी पांढरट मातीच्या तुकड्यात.

अंधार पडायच्या आत टॉर्च घेऊन खाली गेले. तळं चहाच्या रंगाचं झालं होतं. नाना म्हणाले, "पाणी आलं की मॅडम, गाव खूश होईल." खरंय, पाण्याची पातळी हातभर वाढली होती. मला तबकडी सोडायचं धैर्य झालं नाही.

१८ मे

सकाळी सहापासून मोजमाप.

ओघळ: दहा मीटरची पट्टी नमुना म्हणून घेतली. चौदा ओघळ, सरासरी रुंदी १२ सेंमी, खोली ८ सेंमी, लांबी ९ मीटर. छेद त्रिकोणी धरून पट्टीतून गेलेली माती ०.६ घनमीटर. १८० मीटरला सुमारे ११ घनमीटर.

घळ: पांढरट मातीत एकच. लांबी ११ मीटर, रुंदी ९० सेंमी, खोली ७० सेंमी, बाजू उभ्या. जवळपास ७ घनमीटर. घळीच्या वरच्या तोंडाशी मनगट जाईल असं भोक आहे, काठी घातली तर दीड मीटर आत गेली. बोगदा तयार व्हायला सुरुवात झाली होती.

एकूण १८ घनमीटर, म्हणजे सव्वासहा ब्रास. भरावाच्या एकूण मातीपुढे ही काहीच नाही. अहवालात "किरकोळ धूप, दुरुस्ती चालू" असं गेलं. भरावाच्या बाजूनं पाहिलं तर शब्द बरोबर आहे. तळ्याच्या बाजूनं पाहिलं तर सव्वासहा ट्रॉल्या बारीक माती एका रात्रीत पाण्यात ओतली.

तबकडी ४ सेंमीला दिसेनाशी झाली.

शिंपले होते त्या उथळात चार बोटं गाळ. बोटानं उकरून पाहिलं, काही जिवंत आहेत, तोंड घट्ट मिटलेलं. किती दिवस मिटून राहतील? बारके मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून आ करत होते. त्यांना दोन बाजूंनी मार असतो: कल्ल्यांत माती अडकते, आणि पहिल्या पावसानं डोंगरावरचं शेण-पालापाचोळा तळ्यात आणलेला असतो, तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. मरळ मात्र मजेत. ती वर येऊन हवेतूनच श्वास घेते, त्यामुळे गढूळ पाण्याचं तिला फारसं काही वाटत नाही. कुठल्या तळ्यात नुसत्या मरळी उरल्या असतील तर त्या तळ्याची तब्येत बरी आहे असं कुणी समजू नये.

१९ मे

एक लिटरची काचेची बरणी तळ्याच्या पाण्यानं भरून कंटेनरच्या खिडकीत ठेवली आहे. रेती मिनिटभरात बसली. पोयट्याचा थर दुपारपर्यंत. वरचं पाणी अजून तसंच.

दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण आठ तास घेतो. मीटरभर खोल पाण्यात त्याचे ऐंशी तास झाले, तेही वारा नाही, म्हशी नाहीत असं धरून. चिकणमातीतले त्याहून बारीक कण आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. विखुरणारी माती असेल तर ते एकमेकांना चिकटून जड होतही नाहीत. हे गढूळपण आपोआप ओसरेल या भरवशावर बसता येणार नाही.

काठावर धुणं धुणाऱ्या आजी भेटल्या. "पोरी, दरसाल पाणी गढूळ होतंच," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण तळाला असा लोण्यासारखा गाळ नसायचा. पाय घसरतोय." विहिरीचंही बोलल्या. तळ्याखालच्या चार विहिरी याच्या झिरप्यावर चालतात. बारीक चिकणमाती तळाशी बसली की तळ सारवल्यासारखा होतो आणि झिरपा मंदावतो. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बेडूक-शिंपल्यांतच अडकले होते.

जाताना विचारलं, "पिवळे बेडूक कधी येतात?"

"पहिला मोठा पाऊस झाला की. दोन-तीन रात्री नुसता गलका. परवाचा कमी पडला, अजून जमिनीतच असतील."

२१ मे

हे नीट लिहून ठेवते.

कामाच्या तक्त्यात "पावसाळ्यापूर्वीची संरक्षक कामे" १५ जूनपर्यंत आहेत. तक्ता करणाऱ्यानं पावसाळा म्हणजे मान्सून धरला. नाशिक जिल्ह्यात धुपीचा पहिला आणि बऱ्याचदा सगळ्यात वाईट पाऊस मे महिन्यातला वळीव असतो. त्या वेळी भराव सगळ्यात ताजा असतो, मोकळी माती सगळ्यात जास्त पडलेली असते, गवताचं नाव नसतं. आणि जमिनीत कित्येक महिने पडून असलेले बेडूक पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघत असतात. तो पडला की रातोरात वर येतात, त्याच पाण्यात अंडी घालतात. म्हणजे आमची माती आणि त्यांची अंडी एकाच दिवशी तळ्यात जातात. १५ जूनपर्यंत केलेलं संरक्षण भरावाला कदाचित वाचवेल. तळ्यासाठी तोवर उशीर झालेला असेल.

ठेकेदाराच्या माणसाशी तासभर बोलणं. त्याचं म्हणणं, ओघळ बुजवून टाकू, पावसाळ्यानंतर एकदाच नीट उतार करू. मी घळीतलं भोक दाखवलं. काठी आत जाताना पाहिल्यावर तो गप्प झाला. तळ्यासाठी नाही, भराव फुटेल या भीतीनं पोकलेन चार दिवस मिळाला. कारण काहीही असो, मशीन मिळालं.

कुणीतरी तळ्यात तुरटी टाकायचं सुचवलं. बरणीत करून पाहिलं, वीस मिनिटांत पाणी निवळलं. तरी नको म्हटलं. तुरटीनं पाण्याचा आम्लपणा वाढतो, जास्त झाली तर त्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्यांना बाधतं. आणि तरंगणारा सगळा गाळ एकदम तळावर, शिंपल्यांच्या अंगावर बसेल.

२२ ते २५ मे

रोज बारा तास. क्रमानं:

मोरीचं तोंड मोकळं केलं. खोदाईचा ढीग नाल्याच्या काठावरून उचलून दूर, सपाटीवर. हे पहिल्या दिवसापासून तिथे असायलाच नको होतं.

डोंगराच्या बाजूला, भरावापासून पाच मीटर वर, पाणी अडवून मोरीकडे नेणारा चर. १९० मीटर. वेगानं धावणाऱ्या पाण्यानं चराचीच माती कापू नये म्हणून ढाळ अगदी कमी ठेवला आणि जिथे ढाळ वाढवावाच लागला तिथे दगड बसवले.

घळ: पांढरट माती मुळापर्यंत काढली. बोगदा जिथे संपला त्याच्या पुढे अर्धा मीटर. मग उतारात पायऱ्या खोदून २० सेंमीच्या थरांनी मुरूम, पाणी मारून, दाबून. नुसती माती लोटून घळ बुजवली असती तर नवी माती जुन्यावर चिकटली नसती, पुढच्या पावसात अख्खी खपली निघाली असती. उरलेल्या पांढरट तुकड्यावर मुरमाचं पांघरूण, जाडी ४५ सेंमी.

मोरीच्या खाली, तळ्याच्या आधी, दोन गाळ खड्डे. प्रत्येकी ६ बाय ३ मीटर, खोली १.२. त्यांच्या वर नाल्यात तीन सुट्या दगडांचे बांध.

उतारावर काय घालायचं हा प्रश्न होता. हरळी लावली आहे, पण ती धरायला महिना हवा आणि रोज टँकर. काथ्याची जाळी मागवली तर पंधरा दिवस. उपाय नानांनी काढला. त्यांचा भाचा कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. तागाची जुनी, फाटकी बारदानं खळ्यात पडून होती. नऊशे आली. शिवण उसवून, पसरून, बाभळीच्या खुंट्यांनी उतारावर ठोकली, खालची कड वरच्याखाली घालून, कौलं बसवतात तशी. ताग वर्षभरात कुजून मातीत जाईल, तोवर हरळीची मुळं धरतील. चार बायकांनी दोन दिवसांत ११० मीटर झाकलं. कामाचा एवढा नेटका तुकडा या चारीवर दुसरा नाही.

२६ मे

कालपासून रोहिणी. आभाळ कोरडं. हरळीला टँकर दोनदा.

३१ मे

सुट्टी. नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आले. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ शतकभरापूर्वी बंधारा घातला, पाणी मंदावलं, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. त्या गाळाची बेटं झाली, उथळ दलदल झाली, पाणवनस्पती आल्या, पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. उन्हाळ्यातही जांभळ्या पाणकोंबड्या डौलात फिरत होत्या.

मनोऱ्यावर उभी राहून बराच वेळ विचार केला. तिथला गाळ म्हणजे घर आणि आमच्या तळ्यातला गाळ म्हणजे कफन, असं कसं? नदी पिकाऊ पोयटा आणते, आम्ही पाच मीटर खालची निर्जीव माती उपसून टाकली, हा एक फरक. पण मोठा फरक वेगाचा आहे. वर्षाला बोटभर गाळ आला तर शिंपला वर सरकतो, पाणकणीस मूळ वर घेतं. एका रात्रीत चार बोटं आला तर सरकायला वेळच मिळत नाही.

तबकडी कालची: ११ सेंमी.

८ जून

मृग लागला आणि पहिल्याच संध्याकाळी बरसला. दोन तासांत ४६ मिमी. १७ मेपेक्षा जास्त पाणी, जोर थोडा कमी.

छत्री टाकून चरावर उभी राहिले. पाणी वळलं! डोंगरावरून लाल-तपकिरी पट्टे येत होते, चरापाशी येऊन आडवे होत होते आणि मोरीकडे जात होते. भरावाच्या पायाशी पाणी थांबलं नाही. बारदानं भिजून उताराला चिकटली, त्यांच्यावरून पाणी पसरून उतरत होतं, एकाही जागी धार धरली नाही.

चुकलं ते माझं. तिसरा दगडी बांध मी नाल्याच्या काठात पुरेसा आत घुसवला नाही आणि माथा सरळ ठेवला. मध्यभागी तो खाली हवा होता, म्हणजे पाणी मधून उतरलं असतं. ते उजव्या टोकाला वळसा घालून गेलं आणि काठ दीड मीटर खाल्ला. अंदाजे एक घनमीटर माती तळ्यात.

रात्री नऊला पाऊस थांबला आणि तळ्याकडून आवाज यायला लागला. आधी एक, मग दहा, मग मोजता येईना. नाना आणि मी टॉर्च घेऊन गेलो. हळदीसारखे पिवळेधम्मक नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या फुग्या, पाण्यात एकमेकांना ढकलत. काठाच्या डबक्यांतून अंगठ्याच्या नखाएवढ्या बेडकांची किरकिर वेगळीच. नाना दगडावर बसले आणि म्हणाले, "लहानपणी झोप लागायची नाही या आवाजानं. मध्ये कधी बंद झाला ते कळलंच नाही."

९ जून

गाळ खड्डा १: ३५ सेंमी गाळ, म्हणजे सहा घनमीटरहून थोडा जास्त, सव्वादोन ब्रास. खड्डा २: १० सेंमी. एवढं तळ्यात जायचं वाचलं.

खड्ड्यांत मुख्यतः रेती आणि पोयटा बसतो, अगदी बारीक चिकण पुढे जातेच. म्हणून तबकडी आज १७ सेंमी. मेमध्ये ४ होती. ४४ अजून दूर आहे.

अंडी: पश्चिम काठाच्या उथळात पाण्यावर एकेरी थराचे पारदर्शक तवंग, आत काळे ठिपके. सात ठिकाणी. तिसऱ्या बांधाच्या खालच्या कोपऱ्यात दोन तवंगांवर माती बसून ते बुडाले आहेत. बाकी पाच तरंगतात.

बांध आजच दुरुस्त केला. टोकं ६० सेंमी काठात, मध्य ३० सेंमी खाली.

१२ जून

डिंभक, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं. लहान जातीच्या बेडकांचे डिंभक काचेसारखे, पोटातलं आतडं दिसतं. पाण्यात मध्यावर तरंगत राहतात आणि पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात. गढूळ पाण्यात शेवाळाऐवजी मातीच गाळावी लागते, म्हणून यांच्याकडे लक्ष ठेवायचं. पिवळ्या बेडकांचे डिंभक दांडगट, ते इतरांच्या पिल्लांनाच खातात. त्यात मी काही करणार नाही.

२० जून

बरसाती बेताची. हरळी बारदानाच्या विणीतून वर आली आहे. तबकडी २६.

उकरून पाहिलेल्या वीस शिंपल्यांपैकी अकरा जिवंत. नऊ नुसती कवचं.

२७ जून

गावातले आबा विचारत होते, खड्ड्यातला गाळ शेतात टाकू का. तळ्यातला जुना काळा गाळ असता तर आनंदानं हो म्हटलं असतं. हा खोदाईच्या खालच्या थरातला आहे, आणि त्यात पांढरट मातीचा अंश असेल तर जमीन चिघळेल. तेच ग्लासात खडा टाकून त्यांना दाखवलं. ढग पाहून त्यांनी मान हलवली. त्यांच्या विहिरीची पातळी दर आठवड्याला ते मला सांगणार आहेत.

१३ जुलै

संध्याकाळी तपासणी रस्त्यावर माशीएवढी बेडकं. शेपटीचा खुंट अजून काहींना शिल्लक. तळ्यातून निघून भरावाच्या हरळीत शिरत होती. दोन हायवा डंपर पलीकडे उभे केले, अंधार पडेपर्यंत. चालक उतरून बघायला आले, एकजण मोबाइलच्या उजेडात वाकून पावलं टाकत होता.

तबकडी ३३. टिबुकलीच्या पाठीवर दोन पिल्लं.

पुढच्या भरावाच्या, साखळी ६/१०० च्या, अंदाजपत्रकात चर, गाळ खड्डे आणि उताराचं आच्छादन या तीन बाबी वेगळ्या दरानं लिहून दिल्या आहेत. पूर्ण करायची तारीख १० मे टाकली आहे.

उद्या: गाळ खड्डा १ उपसणे. माती सपाटीवर, नाल्यापासून दूर. मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढणे. बारदानाच्या सहा खुंट्या सैल झाल्यात, त्या ठोकणे.